उन्हात गाडी सुरू झाली नाही म्हणजे पंप जळाला, असे नाही

मे महिन्यातील लग्नसराईत जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे की, मांडवाबाहेर दुपारभर उन्हात उभी राहिलेली पेट्रोल गाडी सेल्फ मारूनही सुरू होत नसेल, तर इथेनॉलच्या पेट्रोलची नळीत वाफ होऊन टाकीतील पंप जळालेला असतो; एअर फिल्टर काढून आत थोडे पेट्रोल ओतावे, गाडी क्षणभर सुरू झाली की पंप बदलावा.

यातील पेट्रोल ओतण्याचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. तापलेल्या इंजिनावर सांडलेल्या पेट्रोलची तत्काळ वाफ होते आणि इंजिनाने उलटा भडका मारला तर ओतणाऱ्याचे हात आणि चेहरा त्याच्या समोरच असतात. शिवाय गाडी क्षणभर सुरू झाली तरी इंधन पोहोचत नव्हते एवढेच कळते. ते पंपामुळे, फ्यूजमुळे, रिलेमुळे (पंपाला करंट जोडणारा विजेचा स्विच), तुटलेल्या वायरमुळे की तुंबलेल्या फिल्टरमुळे, हे त्यातून ठरत नाही.

वाफेची अडचण कार्बुरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात खरी होती, कारण तेव्हा इंजिनाजवळचा पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेत असे आणि ओढलेल्या, कमी दाबाच्या पेट्रोलची वाफ लवकर होते. आजच्या बहुतेक गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि साधारण तीन ते चार बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालील पेट्रोल सहजी उकळत नाही.

इथेनॉलबद्दलची काळजी मात्र पूर्णपणे निराधार नाही. ते पाणी शोषते आणि २० टक्के मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी भागांना त्याचा त्रास होऊ शकतो. पण हे हळूहळू घडते, एका दुपारीत पंप जळत नाही. पंपाला खरा धोका टाकी सतत रिकामी ठेवण्याचा आहे, कारण पंप थंड ठेवण्याचे काम भोवतालचे पेट्रोलच करते. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात टाकी पाव भागाखाली जाऊ न देणे बरे.

मग तपासावे कसे? किल्ली ऑन करून सेल्फ न मारता मागच्या सीटजवळ कान द्यावा. बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले आणि शेवटी पंपाच्या जोडणीपर्यंत करंट येतो का, हे पाहावे. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी सुरू होत असेल, तर उभ्या गाडीत नळीतील पेट्रोलचा दाब उतरत असल्याची शंका घ्यावी.

संदेश लिहिणाऱ्याने सर्वांत मोठी गोष्ट वगळली आहे, ती म्हणजे क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरते आहे का हे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग. तो बिघडू लागला की तापल्यावर बंद पडतो आणि निवल्यावर पुन्हा चालतो, म्हणजे लक्षण नेमके उन्हातल्या पंपासारखेच दिसते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत संशय याच सेन्सरवर जातो. इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दोष चावीच्या ओळखीत शोधावा.

काही हजारांचा पंप बदलण्यापूर्वी मेकॅनिककडे गेज लावून दाब मोजण्याचा आग्रह धरावा. दाब कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतका असेल, तर टाकी न उघडता प्लगचा करंट आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तपासायला सांगावे.