पारी जरा जाड झालीये

पुण्यात "वाईट नाही" हे कौतुकाचं शेवटचं स्टेशन आहे, गाडी त्याच्यापुढे जात नाही. 2022 साली पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, फायनल झाल्यावर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, ते हेच गाव. अशा गावात मी यंदा गणपतीला उकडीचे मोदक करायचं डेरिंग केलं.

आंबेमोहोरची पिठी आणली, उकड मळून मळून मनगटं गेली, पहिले 8 मोदक कळ्या पाडतानाच फुटले, बायकोने ते न बोलता बाजूला काढून ठेवले. पण मग हात बसला आणि एकाला तर चक्क 17 कळ्या पडल्या, मी दोनदा मोजल्या.

दुपारी समोरचे काका प्रसादाला आले. मोदक फोडून त्यावर तुपाची धार सोडली, एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय हात आहे रे तुझा!"

झालं. पेठेत वाढलेल्या माणसाला टोमणा लगेच परत करता येतो, पण कौतुक घेऊन ठेवायचं कुठे हे कुणी शिकवलेलंच नसतं. मी म्हटलं, "छे हो काका, पिठी विकतची होती."

"अरे पण चव..."

"गूळच चांगला होता हो, त्यात माझं काय."

"बरं, कळ्या तरी?"

"ते काय, यूट्यूब बघून."

काका बिचारे सज्जन, त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग दुसरा मोदक उचलून नीट फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "हं, आता तू म्हणतोयस तर खरंय, सारण जरा कमीच पडलंय. आणि उकडीत मीठ विसरलास का?"

असा संताप आला ना! मीठ घातलं होतं! चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप, दोन्ही! काका गेल्यावर बायकोला हे चारदा सांगून झालं.

(द्यायच्या बाबतीतही आमचा उजेडच आहे. ऑफिसात दर शुक्रवारी पाळीपाळीने एकमेकांचं कौतुक करायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी शेजारच्या मुलाबद्दल म्हटलं, "याचं काम वाईट नाही." सगळे पुढचं ऐकायला थांबले, म्हणून परत म्हटलं, "खरंच, वाईट नाही." संध्याकाळी त्या पोराचा मेसेज, "सर, माझं काही चुकलं का?" तो नागपूरचा आहे, त्याला काय कळणार आपण त्याला कुठे नेऊन बसवला होता ते.)

आमचे अप्पा तर संस्कृतवाले. गुरूची स्तुती तोंडावर करावी, मित्राची पाठीमागे, नोकराची काम झाल्यावर, आणि मुलाची मात्र कधीच नाही असं एक सुभाषित आहे, त्यातलं "पुत्रा नैव" त्यांनी जन्मभर पाळलंय. दुपारी त्यांनी 5 मोदक खाल्ले आणि "ताक आण" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना गोळ्या द्यायला गेलो तर आतून फोनवर आवाज. नाशिकच्या आत्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे अप्पा फोनवर बोलले की जिन्यापर्यंत ऐकू जातं.

"अगं 17! 17 कळ्या! मी स्वतः मोजल्या!"

मी पाण्याचा ग्लास घेऊन पॅसेजमध्येच उभा राहिलो, फोन ठेवेपर्यंत. मग आत गेलो.

"काय रे?"

"काही नाही, गोळ्या."

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, ग्लास परत दिला. "पारी जरा जाड झालीये," म्हणाले. "उरलेत का अजून?"