गाडी खाली बसली म्हणून रस्त्याला चिकटत नाही

साताऱ्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: ‘स्पोर्ट्स कारला लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, टाका. गुरुत्वमध्य खाली येतो, बॉडी रोल (वळणात बॉडीचं झुकणं) निम्मा होतो, गाडी वळणात रस्त्याला चिकटते. कंपनीवाले खड्ड्यांच्या भीतीने गाडी उंच ठेवतात. रेसच्या गाड्या बघा, सगळ्या जमिनीला टेकलेल्या. शॉकअप बदलायची गरज नाही, अर्ध्या दिवसात काम होतं. यवतेश्वर घाटात एक फेरी मारा, फरक लगेच कळेल.’ सोबत चाकं मडगार्डमध्ये घुसलेल्या लाल गाडीचा फोटो आणि खाली ‘विषय हार्ड’.

गाडी देखणी होते, यावर माझा वाद नाही. टायर आणि मडगार्डमधली चार बोटांची फट मलाही खुपते. दिसण्यासाठी टाकताय तर तसं सांगून टाका. हँडलिंगचं नाव पुढे केलं की मात्र हिशेब मांडावा लागतो.

गुरुत्वमध्याची गोष्ट खरी आहे. किती खरी, ते कुणी सांगत नाही. धरून चालू, गाडी १,३०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १,५०० मिलिमीटर. जोरात घेतलेल्या वळणावर वजनाच्या ०.९ पट बल आडवं लागलं, तर आतल्या चाकांवरचा सुमारे ३९० किलोचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तीच गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली की ३६७ किलो जातो. फायदा २३ किलोचा, सहा टक्के. शेजारी बसलेला सत्तर किलोचा मित्र पोवई नाक्यावर उतरवला तरी जवळपास तेवढंच साधतं, आणि तेही फुकट.

इथेच एक गैरसमज चिकटलेला असतो: गाडी कमी झुकली म्हणजे भार कमी सरकला. तसं नाही. भार किती सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. झुकण्याचा त्यातला वाटा अगदी किरकोळ. स्प्रिंग कडक केली की गाडी कमी झुकते, पण बाहेरचा टायर तेवढाच दाबला जातो.

आता ‘रोल निम्मा’. आपल्याकडे हौशी लोक ज्या गाड्या खाली घेतात, त्यातल्या बहुतेकींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात आणि चाकाला चॅसीशी जोडणारा आर्म फक्त खाली. पोलो, ऑक्टाव्हिया, मस्टँग, अगदी बीएमडब्ल्यूची एम२ सुद्धा त्यातलीच. या रचनेत खालचा आर्म चॅसीकडून चाकाकडे किंचित उतरता असतो. त्या उतारावर रोल सेंटर ठरतं, म्हणजे बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू. गाडी खाली घेतली की आर्म आडवा होतो, आणखी घेतली की उलटा चढता होतो. मग रोल सेंटर घसरतं, आणि ते गुरुत्वमध्यापेक्षा बरंच जास्त घसरतं. स्ट्रटच्या गाडीत दुपटीहून अधिक घसरणं नवलाचं नाही.

बॉडीला झुकवणारा तरफेचा दांडा म्हणजे या दोन बिंदूंमधलं अंतर. धरा, आधी गुरुत्वमध्य ५०० वर आणि रोल सेंटर १०० वर होतं, म्हणजे दांडा ४०० मिलिमीटरचा. गाडी ३० मिलिमीटर खाली आली, गुरुत्वमध्य ४७० वर गेला, रोल सेंटर ७० मिलिमीटर घसरून ३० वर आलं. दांडा झाला ४४०. गाडी खाली गेली आणि तिला झुकवणारा दांडा दहा टक्क्यांनी वाढला! हे झाकायला स्प्रिंग कडक लागते, म्हणून लोअरिंग स्प्रिंगा कडकच येतात. ३० टक्के कडक धरली, तरी रोल अडवण्याचं काम एकटी स्प्रिंग करत नाही, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई, म्हणजे अँटी-रोल बारही करतो आणि तो जुनाच राहतो. स्प्रिंगचा वाटा साठ टक्के धरला, तर एकूण अटकाव वाढला १८ टक्के. त्यातून दांड्याचे दहा टक्के वजा करता रोल कमी झाला सुमारे सात टक्के. मजकुरातला ‘निम्मा’ कुठून आला, देव जाणे.

आर्म उलटा चढता झाला की आणखी एक दुखणं मागे लागतं. वळणात बाहेरचं चाक दाबलं जातं, तेव्हा त्याचा वरचा भाग आत झुकायला हवा, म्हणजे टायर सपाट टेकतो. उलट्या आर्ममुळे हा आतला झुकाव, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, मिळायचा तिथे उलट हरवायला लागतो. स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोनही बिघडतो, त्यामुळे खड्ड्यावरून जाताना स्टीअरिंग न फिरवता चाक थोडं स्वतःहून वळतं. त्यावर उपाय म्हणून आर्म आणि चाकाच्या सांध्यात बसणारे लांब दांड्याचे बॉल जॉइंट मिळतात, पण मजकुरात त्यांचा उल्लेख शोधून सापडत नाही.

डबल विशबोनच्या, म्हणजे चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या गाडीत हे दोष कमी असतात, हे मान्य करायला हवं. माझदा एमएक्स-५ सारखी गाडी थोडी खाली घेतली तर ती फारशी रुसत नाही. पण पोर्शेने २०२१ च्या ९११ जीटी३ ला पुढून आणखी पकड द्यायची ठरवली, तेव्हा स्प्रिंग आखूड करून काम भागवलं नाही. अख्खा स्ट्रट काढून तिथे डबल विशबोन बसवलं. स्प्रिंग कापून भागलं असतं तर एवढा खर्च कोण करेल?

सगळ्यात मोठी चोरी होते ती चाकाच्या वर-खाली होण्याच्या जागेची. आपल्या रस्त्यांवर हाच मुद्दा जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

धरा, चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाला शेवटी थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, ८० मिलिमीटर जागा होती. गाडी ३० ने खाली आली, उरली ५०. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या पटीत असते. त्यामुळे स्प्रिंग ३० टक्के कडक असूनही बंप स्टॉपला टेकेपर्यंत ती पूर्वीच्या निम्माच धक्का पचवते. पूर्वीइतका पचवायचा तर ती अडीच पटीहून कडक लागेल. तेवढी कडक स्प्रिंग कोणी विकत नाही आणि विकली तर कंबर चालवू देणार नाही.

हे झालं सरळ रस्त्यावर. आता गाडी वळणात घाला. बॉडी तीन अंश झुकली तर बाहेरच्या चाकाची ३९ मिलिमीटर जागा नुसत्या झुकण्यातच संपते. मूळ गाडीत खड्ड्यासाठी ४१ उरतात. खाली घेतलेल्या गाडीत रोल सात टक्के कमी धरूनही उरतात तेरा-चौदा. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यानंतर वळणाच्या आतच डांबराचं ठिगळ उखडलेलं असतं, कडेने माती वाहून आलेली असते, हे कासला जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. केळघर घाटात तेच, कुंभार्ली घाटात तेच. तेरा मिलिमीटरमध्ये ते ठिगळ मावत नाही. चाक बंप स्टॉपवर आपटतं, आणि त्या क्षणी त्या कोपऱ्यातली स्प्रिंग जणू लोखंडाचा ठोकळा होते. टायरवरचा भार एकदम उसळतो आणि लगेच उडतो. हे पुढच्या चाकाला झालं तर गाडी वळायची थांबून सरळ दरीकडे निघते, मागच्याला झालं तर शेपटी सुटते. चालवणाऱ्याला आगाऊ सूचना मिळत नाही. याला चिकटणं म्हणायचं असेल तर म्हणा.

काही गॅरेजवाले त्यावर बंप स्टॉपच कापून देतात. मग रबराऐवजी शॉकअपचं आतलं पिस्टन टेकायला लागतं, आणि थोड्याच दिवसांत ऑइल गळायला लागतं.

हँडलिंगसाठी जगभर नावाजलेल्या गाड्यांकडे पाहिलं तर उलटंच दिसतं. कॉलिन चॅपमनची १९६२ ची लोटस एलान मऊ स्प्रिंगांची होती, चाकांना भरपूर जागा आणि काटेकोर जुळवलेले शॉकअप. २०१७ ला परत आलेली अल्पाइन ए११० घ्या: डबल विशबोन, तुलनेने मऊ स्प्रिंगा, आणि चाक शेवटच्या टोकाला गेलं तर हळुवार थोपवायला हायड्रॉलिक बंप स्टॉप. चाक रस्त्यावर टेकलेलं राहिलं तरच पकड, एवढं साधं गणित त्यामागे आहे.

शॉकअप बदलायची गरज नाही, हे त्या मजकुरातलं सगळ्यात बेजबाबदार वाक्य. स्प्रिंग फक्त ऊर्जा साठवते आणि परत देते, ती जिरवायचं काम शॉकअपचं. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगेसाठी जुळवलेला असतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की त्याच शॉकअपचा दम सुमारे १२ टक्क्यांनी कमी पडतो. दाबलेली स्प्रिंग उसळून परत येताना त्याला आवरत नाही, आणि गाडी एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर डुलत जाते. महामार्गावर आनेवाडीच्या पुढे पुलांच्या सांध्यांवरून जाताना मागच्या सीटवरचे लोक हे जास्त चांगलं सांगतील. गॅस कटरने स्प्रिंगचे वेढे कापण्याबद्दल तर बोलायलाच नको. तापवल्याने पोलादाचा ताव जातो, आणि चाक पूर्ण लोंबलं की सैल झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

रेसच्या गाड्या खाली असतात, कबूल. त्या सपाट ट्रॅकवर धावतात, हवेचा दाब घेण्यासाठी जमिनीलगत लागतात, आणि त्यांचे आर्म, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), जोडण्याच्या जागा सगळं त्याच उंचीसाठी आखलेलं असतं. नुसती स्प्रिंग बदलून कुणी खाली बसवलेलं नसतं. शिवाय तिथेही अतिरेक अंगलट येतो. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या गाड्या जमिनीलगत आणि कडक झाल्या, सरळ रस्त्यावर उड्या मारू लागल्या, आणि बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टनला गाडीतून उतरताना पाठ धरावी लागली होती. आणि रेसच बघायची तर मातीवरची रॅली का बघत नाही? त्या गाड्या उंच असतात, चाकांना लांब प्रवास असतो. गळिताच्या हंगामात ऊसाच्या ट्रॉलीमागून कराडच्या आतल्या रस्त्याने जा, आणि आपण कोणत्या शर्यतीत आहोत ते बघा.

‘कंपनी खड्ड्यांच्या भीतीने उंच ठेवते’ यात तथ्य आहे. परदेशी गाडी भारतात आणताना ती थोडी उंच केली जाते, असं बऱ्याचदा होतं. पण तेव्हा स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने जुळवलेले असतात, आणि पाच माणसं व सामान भरल्यावरचा विचारही त्यात असतो. तुमची गाडी अशी उंच केलेली असेल आणि त्याच कंपनीचं स्पोर्ट सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही, मिळत असेल, तर ते बसवणं शहाणपणाचं. आपल्या गतिरोधकांचं काय करायचं ते मात्र तुम्ही बघा. इंडियन रोड काँग्रेसच्या मापात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावी एका रात्रीत उभे राहणारे उंचवटे ते माप वाचून बांधलेले नसतात.

राहिला घाटात लगेच कळणारा फरक. फरक कळतोच. स्टीअरिंग वळवल्याबरोबर गाडी पहिल्यापेक्षा चटकन तोंड फिरवते. पण स्प्रिंगा बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेतलेली असते, गाडी खाली गेल्याने चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर आलेला असतो, आणि बरेच जण त्याच वेळी टायरही नवे घालतात. या तिन्हींचं श्रेय स्प्रिंग घेऊन जाते. खरंच तपासायचं असेल तर आधी मूळ स्प्रिंगांवर अलाइनमेंट करा, टायर आणि हवा तीच ठेवा, मग तुलना करा. आणि यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट ही तुलनेची जागा नव्हे. समोरून एसटी येते.

कायद्याबद्दल तो मजकूर गप्प आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, ते वेगळंच.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी चांगले टायर घ्या. गाडी जुनी असेल तर मग आर्मची बुशं, लिंक रॉड आणि थकलेले शॉकअप बदला. त्यानंतर अलाइनमेंट करताना मशीनवरचा छापील कागद मागून घ्या. त्यावर प्रत्येक चाकाचे आधीचे आणि नंतरचे टो, कॅम्बर आणि कॅस्टर या चाकाच्या कोनांचे आकडे असतात. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला, तर दुकानातून गाडी बाहेर काढण्याआधी तो का आहे ते विचारा.