हरवले-सापडले खाते

संत अंतोनींचा सण १३ जूनला येतो. तारीख ठरवताना कोणी नागपूरकराला विचारलं असतं, तर त्याने डिसेंबर सुचवला असता. पण संत १२३१ साली इटलीत पादुआजवळ नेमके याच दिवशी वारले, आणि पोपसाहेबांनी वर्षही उलटू न देता त्यांना संतपद देऊन टाकलं. आपल्याकडे रेशनकार्डात सुनेचं नाव चढायला याहून जास्त वेळ लागतो.

जूनच्या मध्यावर नागपुरात एकतर भट्टी असते, नाहीतर पहिला पाऊस. सणाच्या संध्याकाळी दोन्ही हजर. मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, चालू असताना शर्ट पाठीला चिकटलेला, कूलर नुसतीच गरम हवा फेकतोय, आणि जेवणं सुरू होताच मंडप उडायच्या बेतात. बिछायतवाला म्हणतो, "टेन्शन नका घेऊ भाऊ, बांबू पक्का हाये." म्हणताना दोन्ही हातांनी बांबू धरलेला असतो.

संत अंतोनी म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत. त्यांचं स्तोत्रांचं पुस्तक एका नवशिक्या संन्याशाने पळवलं, यांनी प्रार्थना केली आणि तो पुस्तक घेऊन परत आला, अशी कथा आहे. तेव्हापासून जगभरचे लोक त्यांच्याकडे किल्ल्या, अंगठ्या, पासबुकं मागतात. आमच्या पॅरिशचे, म्हणजे आमच्या चर्चचे, आश्रयदाते तेच. म्हणजे निदान या दिवशी, या आवारात, कोणाचं काही हरवू नये. प्रत्यक्षात वर्षभर जे हरवत नाही ते सगळं त्याच संध्याकाळी हरवतं.

आणि ते शोधायचं काम संतांकडे नसतं, माझ्याकडे असतं. नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थनेच्या, नऊ दिवसांत कधीतरी फादर म्हणाले, "तुझा आवाज मोठा आहे." हेच वाक्य आई लहानपणापासून तक्रार म्हणून ऐकवत आली होती. फादरांनी ते टेबल, खुर्ची आणि माईकसकट दिलं.

सुरुवात चपलांपासून होते. मिरवणुकीत लिलीची फुलं आणि बाळ येशू घेतलेला पुतळा बँडच्या मागे निघतो, आणि गर्दीत चपलांची अदलाबदल. मी आधी मराठीत सांगतो, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तेवढ्यात एक मल्याळी आंटी येऊन विचारतात, आमच्या भाषेत का नाही? पाठोपाठ तमिळ अंकल. मोहननगरातले, मेकोसाबागेतले, कामठीहून बसने आलेले, सगळे एकाच वेळी टेबलावर वाकतात. ज्याची चप्पल जाते त्याला मातृभाषेशिवाय काही ऐकू येत नाही.

संत अंतोनींनी रिमिनीला माशांना प्रवचन दिलं, आणि मासे पाण्याबाहेर तोंडं काढून ऐकत राहिले म्हणतात. ते मासे मटणाच्या रांगेत नव्हते. इथे मी "निळ्या स्कूटरची किल्ली सापडली आहे" असं घसा फोडून सांगतो, आणि अर्ध्या तासाने माणूस येऊन विचारतो, "किल्लीचं काही अनाउन्स केलं काय?" संतांची जीभ पादुआच्या बॅसिलिकात आजही जपून ठेवली आहे. माझी नऊ वाजताच कामातून गेली.

यंदा एक पोट्टं आलं. नाव सांगेना, आईचं नाव विचारलं तर "मम्मी". मी पुकारा सुरू केला. खाण्याच्या टेबलावरून एका बाईंनी पुलावाची प्लेट खाली न ठेवता हात वर केला. "माझंच हाये भाऊ. राहू द्या थोडं तिथंच, जेवून घेते." पोट्ट्याने तोवर माईकची वायर उपटून ठेवली होती.

आणि मग कवळी. वरची, पूर्ण. हात धुवायच्या नळाजवळ सापडली म्हणून क्वायरमध्ये गाणाऱ्या मुलीने पेपर नॅपकिनवर ठेवून आणली आणि पळाली. आता हे माईकवरून सांगायचं कसं? मोघम बोललो, "एक अत्यंत वैयक्तिक वस्तू सापडली आहे." लगेच टेबलाभोवती ज्यांचं काहीच हरवलं नव्हतं असे लोक जमले. मग स्पष्टच सांगितलं. साऱ्या मंडपात हसू उसळलं. म्हटलं बरं झालं, न हसणारा दिसेल. पण फादरांचं लांबलेलं प्रवचन आठवून न हसणारे खूप निघाले.

बऱ्याच वेळाने एक वयस्कर अंकल आले. तोंडावर रुमाल घट्ट धरलेला. पुटपुटले, "माझा रुमाल हरवलाय."

मी नॅपकिनची पुडी पुढे केली. "हाच काय अंकल?"

त्यांनी मान हलवली, पुडी खिशात टाकली आणि नळाकडे गेले. आभार नाहीत, सही नाही, आणि मीही मागितली नाही. थोड्या वेळाने जेवणाच्या काउंटरवरून सेक्रेटरी काकूंचा माणूस धावत आला. "माईकवरून सांगा भाऊ, मटणातल्या नळ्या संपल्या. एक अंकल रांग अडवून उभे हायेत, म्हणतात नळी भेटल्याशिवाय हलत नाही."