‘मिलिटरीचं पोलाद’ आणि भाच्यापर्यंत पोचलेला तो मेसेज

परवा रात्री भाच्याचा फोन आला. “मामा, गॅस कटर एक दिवस देशील का? जुन्या मिलिटरी ट्रकचं चाक मिळालंय. टायर गंजून डिस्कला धरलाय. डिस्क बाहेरून तापवली की आपोआप सुटतो म्हणे.” हे ‘म्हणे’ कुठून आलं विचारलं, तर त्यानं महिनाभर फिरत असलेला तो मेसेज पाठवला. मलाही तो चार जणांनी पाठवला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. ती माझी चूक झाली. आता ओळ न् ओळ वाचलाय, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: निकामी मिलिटरी ट्रकचं पोलाद वेगळंच असतं, ते कधी तुटत नाही. चाक टायरसकट तापवा, टायर सुटेल, डिस्कची शेगडी होईल. कमानीचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचे, पाटे लाल करून पाण्यात बुडवा, जन्मभर धार टिकणारा कोयता मिळेल. ब्रेक ड्रमची ऐरण करा. नटबोल्ट भट्टीत घालून ठोकून घ्या. आणि शेवटी, हे पोलाद अणुबॉम्बच्या आधीचं असल्यामुळे दुर्मिळ आहे.

आधी चाकाचं बोलतो. बाकीच्या चुकांनी बहुतेक वेळा वस्तू वाया जाते, या चुकीनं माणूस जातो.

जुन्या अवजड ट्रकची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो चाकाचा लोखंडी भाग, बऱ्याचदा एकसंध नसते. टायर जागेवर धरायला वेगळी कडी असते, तिला लॉक रिंग म्हणतात. टायरमध्ये हवा असली की त्या कडीमागे काही टनांचा रेटा असतो. कडी गंजलेली किंवा खाचेत नीट न बसलेली असेल, तर ती सुटून गोळ्यासारखी येते. मेसेज सांगतो, या चाकाला ज्योत लावा. ज्योतीनं आतली हवा तापून दाब वाढतो, हा धोका निदान कुणाच्या डोक्यात तरी येतो. दुसरा धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डिस्क तापली की टायरचं रबर आतल्या बाजूनं विघटित होऊ लागतं, त्यातून जळणारे वायू निघतात, ते आतल्या हवेत मिसळतात आणि पेटतात. तो स्फोट नुसत्या दाबानं टायर फुटण्याच्या कैक पट मोठा असतो. ज्योत बाजूला घेतल्यावरही तो होऊ शकतो, म्हणून ‘थोडंसंच तापवलं’ या म्हणण्याला काही अर्थ नाही. आणि ‘मी हवा सोडली होती’ हेही पुरेसं नाही. व्हॉल्व्हच्या एवढ्याशा भोकातून तो वायू वेळेवर बाहेर पडत नाही.

हे माझं मत म्हणून कुणी उडवून लावेल, म्हणून लेखी नियम सांगतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाचा, म्हणजे ओशाचा, १९१०.१७७ क्रमांकाचा नियम फक्त ट्रक-बससारख्या मोठ्या गाड्यांच्या चाकांसाठी आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की अनेक भागांच्या डिस्कला उष्णता द्यायची नाही. एकसंध डिस्कलाही द्यायची नाही. तडकलेले, वाकलेले भाग वेल्डिंग करून पुन्हा वापरायचे नाहीत. अनेक भागांच्या चाकाचा टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून हवा पूर्ण सोडायची. आणि अशा टायरमध्ये हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवायचं, माणसानं कडीच्या समोर उभं राहायचं नाही. रोज हेच काम करणाऱ्या, शिकलेल्या माणसांसाठी हा नियम आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तो वाचला असता तर ही ओळ लिहायला हात धजला नसता.

ज्याला डिस्कची शेगडीच करायची आहे, त्यानं टायरवाल्याकडून टायर थंड अवस्थेत उतरवून घ्यावा. मोकळ्या डिस्कचं मग काय ते करावं, फक्त ती पुन्हा चाक म्हणून लावू नये.

आता पाटे. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. कमानीच्या पाट्यांचं पोलाद खरंच चांगलं असतं. साधारण अर्धा ते पाऊण टक्क्यापर्यंत कार्बन आणि जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. त्याचा कोयता उत्तम होतो, मी स्वतः केलेत. पण ‘लाल करून पाण्यात बुडवा’ या चार शब्दांत सगळी माती केली आहे. आपण ‘हत्याराला पाणी देणं’ म्हणतो, म्हणून ते पाण्यातच द्यायचं असं नसतं. पाट्याचं पोलाद तेलात विझवायचं असतं. पाण्यात ते इतक्या झपाट्यानं थंड होतं की आतून ताण येऊन पातं चिरतं. शिकत असताना मी तीन पाती अशी घालवली. तिसऱ्याचा ‘टिंग’ असा आवाज अजून कानात आहे. शिवाय तेलात विझवल्यावर काम संपत नाही. पातं तेव्हा काचेसारखं ठिसूळ असतं. ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तास-दोन तास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. मेसेजमध्ये या पायरीचा उल्लेखच नाही. त्या कृतीनं केलेला कोयता लाकडाच्या गाठीवर बसला, की तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

‘कधी तुटत नाही’ हेही खोटं. पाटा आयुष्यभर वाकतो आणि सरळ होतो, त्यातूनच त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकापाशी. ती चीर आधी दिसत नाही. ती दिसते तेव्हा तुम्ही दिवसभर घण मारून पातं घडवलेलं असतं.

मग मिलिटरीचे ट्रक इतके दणकट कसे? याचं उत्तर कागदावर आहे. उदाहरणार्थ, अमेरिकी लष्कराचा एम-३५ हा ट्रक अडीच टनी म्हणून ओळखला जातो, पण अडीच टन हा खडबडीत जमिनीवरचा आकडा आहे, रस्त्यावर तोच ट्रक पाच टन वाहतो. म्हणजे भाग जाड ठेवले, चाकं दहा दिली आणि भार कमी धरला. टिकाऊपणा तिथून येतो. पोलादाचे प्रकार नागरी ट्रकला असतात तसेच.

ब्रेक ड्रम तर सहसा पोलादाचा नसतोच, तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बिडात तीन टक्क्यांवर कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. घण बसला की कपची उडते. त्याची ऐरण होणार नाही. छोटी कोळशाची भट्टी मात्र छान होते, ते मान्य. त्याआधी ड्रममधली धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

नटबोल्टांचं तर ठामपणे सांगतो: भट्टीत घालू नका. लष्करी नटबोल्टांवर गंज रोखायला कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा देण्याची पद्धत होती. नुसत्या डोळ्यांनी तो जस्ताच्या मुलाम्यापासून ओळखता येत नाही. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि घडवण्यासाठी तापवलेलं पोलाद त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. तो धूर घेतला तरी त्या क्षणी फारसं काही जाणवत नाही. काही तासांनी ताप-खोकल्यासारखं वाटतं आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. माणूस सर्दी समजून झोपून राहतो. एका फुकट बोल्टसाठी कुणी हे ओढवून घेऊ नये. हिरवा रंगही तसाच. अमेरिकी लष्कर १९८० च्या दशकापासून वापरतं तो पॉलियुरेथेनचा रंग जाळला की विषारी आयसोसायनेट निघतात. म्हणून रंग जाळून काढायचा नाही.

अणुबॉम्बच्या आधीच्या पोलादाची गोष्ट खरी आहे, पण ती या ट्रकची नाही. १९४५ नंतरच्या हवेतले किरणोत्सारी कण पोलादात उतरायचे, म्हणून संवेदनशील मोजणी यंत्रांसाठी बुडालेल्या जुन्या युद्धनौकांचं पोलाद वापरलं गेलं. वर सांगितलेल्या एम-३५ चंच बघा, त्याची निर्मितीच १९५० च्या सुमारास सुरू झाली.

भाच्याला मी कटर दिला नाही. चाक टायरवाल्याकडे जाईल. पाट्याचा एक तुकडा तो रविवारी घेऊन येतोय. भोकापासून लांबचा हातभर भाग कापून घेऊ, त्यातलं बोटभर टोक चुंबक चिकटेनासं झाल्यावर आणखी थोडं तापवून कोमट तेलात विझवू आणि व्हाइसमध्ये धरून मोडू. मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा बारीक, मखमली राखाडी निघाला आणि तुकड्यावरून कानस घसरली, म्हणजे तो पुरेसा कडक झाला असला, तर उरलेल्याचा कोयता करायला घेऊ. दाणा भरड निघाला तर कमी तापवून दुसरं टोक मोडून बघू. जुनी काळी चीर दिसली, तर तो पाटा भंगारात.