अंगारकी, गोळी आणि अप्पांचा पेढा

परवा देवळाच्या रांगेत तात्या कोसळले, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. वाद होता खापर कुणावर फोडायचं याचा.

"आजकाल उपासच सोसत नाहीत कुणाला," अप्पा सुरू झाले. "आमच्या वेळी चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब नसायचा."

"तुमच्या वेळी तात्यांना मधुमेहाची ग्लिमेपिराईडही नव्हती," मेडिकलवाला मोहन म्हणाला. "सकाळी आठला नेहमीची गोळी घेतली, चंद्र रात्री नऊच्या पुढे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे का ते बघत नाही. मग रक्तातली साखर घसरते आणि माणूस कोसळतो. मधुमेहाच्याच नुसत्या मेटफॉर्मिन गोळीवर असते तर बहुधा ही वेळ आली नसती."

"म्हणजे उपासाला गोळी बुडवायची. सोप्पं!"

"अजिबात नाही. आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारायचं, कुठली कमी करू, कुठली रात्रीच्या जेवणाला नेऊ. टाईप वनवाल्याने, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्याने, मनाने इन्सुलिन बंद केलं की रक्तात कीटोन्स नावाची आम्लं वाढतात. लघवीतून साखर बाहेर काढणारी डापाग्लिफ्लोझिन घेऊन निर्जळी केली तरी तोच धोका, वर अंगातलं पाणी जातं ते वेगळंच."

अप्पांनी हुकमी पान काढलं. "अरे, पण वेळेवर पेढा कुणी भरवला?"

"तेच तर! पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि शुद्ध हरपत असताना तोंडात काही कोंबलं तर श्वासनलिकेत जातं. अशा वेळी कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. माणूस शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तरच 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात. 15 मिनिटांनी रक्तातली साखर मीटरवर परत तपासायची, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच."

"ग्लुकोज कशाला, घरची साखर काय वाईट?" बाळ्याने विचारलं.

"चालते. पण गोळीत व्होग्लिबोज असेल तर साखरेचं आतड्यात विघटन रेंगाळतं, तिथे ग्लुकोजच हवं. तात्यांच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज तिन्ही एकत्र आहेत. आणि आकडा वर आला म्हणून सोडून द्यायचं नाही, काहीतरी खायला घालायचं. गोळीचा असर दिवसभर रेंगाळतो, दोन तासांनी साखर पुन्हा घसरते."

"आणि बीपीची मेटोप्रोलॉल चालू असेल तर धडधड, थरथर कळत नाही," निवृत्त स्टाफ नर्स शैलावहिनी म्हणाल्या. "घाम मात्र फुटतो. तात्यांचा सदरा भिजला होता. अप्पांना वाटलं, भक्तीने."

अप्पा चिडले. "पण सारखं टोचून रक्त काढलं तर उपास मोडतो त्याचं काय?"

"मग दाढी करताना कापलं तर मोडतो का?"

एवढ्यात बाळ्याला साबुदाणा आठवला. मोहन म्हणाला, तो खरा चोर. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर पिष्ट, त्यात बटाटा. दुपारी खिचडी चापली की साखर आधी 300 कडे धावते. त्यापेक्षा मूठभर दाणे, बिनसाखरेचं ताक, वाटीभर भगर. 300 ओलांडली तरी उपास सोडायचा, 70 च्या खाली गेली तरी सोडायचा.

"तू गोळ्या विकणारा, तुला धर्मातलं काय कळतं!"

"धर्मातलं राहू द्या, हिशेबातलं कळतं. गेल्या गणपतीची वर्गणी?"

अप्पांना एकदम घरी जायची घाई झाली. वहिनी मागून ओरडल्या, "अप्पा, सावकाश! घाम फुटलाय तुम्हाला, साखर तपासू का?"