आखडलेला गुडघा जोर लावून वाकवावा का?

नमस्कार. आखडलेला गुडघा जोराने वाकवू नये, या माझ्या विधानावर आपण आक्षेप घेतला आहे. विट्याकडच्या आपल्या गावात हाडवैद्याने तेल चोळून कित्येकांचे गुडघे मोकळे केले आणि डॉक्टरही शेवटी भूल देऊन गुडघा वाकवतातच, असे आपले म्हणणे आहे. आपल्या वडिलांच्या मांडीचे हाड मोडून आठ महिने झाले, तरी गुडघा काटकोनापर्यंतही येत नाही, हे वाचून सविस्तर लिहिणे भाग वाटले.

दुखण्याच्या भीतीने स्नायू आवळून धरला असेल, तर शेक आणि हलक्या मालिशने गुडघा सैल होतो. गावातले गुण आलेले रुग्ण बहुधा असेच असावेत. मात्र हाड मोडल्यावर किंवा ऑपरेशननंतर पाय बरेच दिवस एका स्थितीत राहिला, की सांध्याच्या आत चिवट तंतू तयार होतात आणि मांडीचा पुढचा स्नायू हाडालाच चिकटतो. तिथवर तेल पोहोचत नाही. वडिलांना पाय लांब करून, मांडी ढिली सोडून बसवा आणि गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून हळूच डावीउजवीकडे सरकवून पाहा. चांगल्या गुडघ्याची वाटी सहज सरकते. ही जागची हलत नसेल, तर अडचण आत आहे असे समजावे.

अशा गुडघ्यावर जोर लावला, तर चिकटलेला भागच सुटेल याची खात्री कोणी द्यावी? कित्येक महिने भार न पडल्याने हाड ठिसूळ झालेले असते. ते पुन्हा मोडू शकते, वाटीखालचा पट्टा तुटू शकतो, आत रक्तस्राव होऊन गुडघा आणखी आखडू शकतो. डॉक्टर भूल देतात ती स्नायूंचा विरोध संपावा म्हणून, आणि सांधा बदलल्यानंतर तो उपाय साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांतच करतात. त्यानंतर दुर्बिणीतून तंतू कापणे किंवा १९४४ साली थॉम्पसन या शल्यविशारदांनी मांडल्याप्रमाणे मांडीचा स्नायू मोकळा करणे, हे मार्ग उरतात. लगोलग व्यायाम सुरू झाला नाही, तर तेही वाया जातात.

ऑपरेशन प्रत्येकालाच लागते, असे मी म्हणत नाही. सपाट रस्त्याने चालायला सुमारे ७० अंश पुरतात, जिना चढायला ९० च्या आसपास लागतात, पंगतीत मांडी घालायला त्याहून पुष्कळ अधिक. वडिलांना नेमके काय करता यायला हवे आहे, हे आधी त्यांनाच विचारा. गुडघ्याखाली उशी घेण्याची सवय मात्र आजच मोडा, कारण तिने पाय सरळ होणेही बंद होते. पुढच्या मालिशीआधी एक्स-रे काढून, हाड पूर्ण जुळले आहे का आणि आत जंतुसंसर्ग तर नाही ना, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, ही कळकळीची विनंती.