४५ दिवसांचं पिल्लू, म्हणे!

‘लॅब्रेडॉर कुत्र्याचं पिल्लू, ४५ दिवसांचं, पेपर नाहीत, लगेच घेऊन जा.’ पुन्हा तीच जाहिरात! अहो, केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पण विचारतो कोण? आई दाखवा म्हटलं की ती ‘गावाला’ असते. पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूची, लागण विकणाऱ्याकडेच झालेली. घरी आणल्यावर चार-पाच दिवसांत उलट्या, रक्ताची हगवण, सलाईन. विकणाऱ्याचा फोन बंद. आणि इकडे रस्त्यावरून उचललेलं गावठी कुत्रं बाथरूमच्या दाराच्या फटीला नाक लावून बसतं, माणूस बाहेर येईपर्यंत हलत नाही. तर पाहुणे विचारणार, ‘ब्रीड कुठली?’